गजा, तू लावलेला स्क्रू मी फिरवला

प्रिय गजा,

चालू झाली रे! तुझी गाडी चालू झाली! तुझ्याच अकोल्याच्या घरी, ओसरीत बसून लिहितो आहे. हात दोनदा धुतले तरी नायट्रो इंधनाचा वास जात नाही. आणि ज्याला ओरडून सांगावं तो नेमका तूच नाहीस, म्हणून वहिनींकडून कागद मागून घेतला.

थंडीत तू गेलास, तेव्हापासून तुझा हातभर लांबीचा रिमोटचा ट्रक मुकाच. मैदानावर तुझ्याबरोबर गाड्या पळवणाऱ्या मंडळींनी इंजिनाची दोरी ओढ-ओढ ओढली आणि निकाल दिला : इंजिन गेलं, काढून बॅटरीची मोटर टाका. काल वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमी एक डाव येऊन पाहा. नाही झालं तं देऊन टाकतो मी त्याइले."

बॅटरीची मोटर! तुझ्या ट्रकमधून मिक्सरचा आवाज! सकाळची पहिलीच एसटी पकडली मी अमरावतीहून.

दोरी ओढली तर अर्ध्यात अडकली. अरे, फवारणीचे पंप उघडून-उघडून दुकान उभं केलं मी, मला हे कळणार नाही? इंजिन गेलं नव्हतं, इंधन पिऊन तट्ट फुगलं होतं! इंधन पेटवणारा ग्लो प्लग काढला, ट्रक उलटा धरला आणि दोरी ओढली. भसकन पिचकारी उडाली ती थेट खाटेवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर.

"भाऊजी! माह्या कुरड्या!"

"वहिनी, हा एवढा घाणा तळू नका," म्हटलं. लाटणं घेऊन उठल्या होत्या, पण हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात.

प्लग पुसला, तपासला. तार लालभडक होत होती. परत लावला, दोरी ओढली. भक्, भक्, आणि पुन्हा गच्च. पुन्हा उपसा, पुन्हा गच्च. तीनदा झालं तेव्हा मी कान लावला. आतून ओला घळघळ आवाज. इंधन जास्त येत होतं, दुसरं काही नाही.

आणि मग आठवलं. तू फोन इंजिनाजवळ धरून मला ऐकवायचास ना, "सांग बे, काय दुखून राह्यलं इचं?" त्या शेवटच्या फोनवर मी म्हणालो होतो, भकभकते रे. तू म्हणालास, "भकभकू दे. नवा पिस्टन टाकला, त्याले तेल पिऊ दे. इंधनाचा स्क्रू मोकळा सोडला मी." तो थंडीतला स्क्रू! आता बाहेर वैशाख, हवा पातळ, आणि इंधन तेवढंच. बुडणार नाही तर काय? नवा पिस्टन रुळवायचं रनिंग अर्धं टाकून कोणी जातं का रे, लेका?

कळलं सगळं. पेचकस हातात होता. पण हात चालेना. त्या स्क्रूवर शेवटचा हात तुझा होता, गजा. तुझा फोटो आहे, चपला आहेत, पण तू हातानं *लावून* ठेवलेलं असं घरात काय उरलं होतं? एकदा फिरवला की ते गेलं.

वहिनी कुरड्या निवडत माझ्याकडे बघत होत्या. "काहून थांबले?"

"गजानं लावलेला आहे हा."

"मंग? त्याइनं तरी एका जागी ठेवला का कदी? पावसायात वेगळा, थंडीत वेगळा. रोज मलेच म्हनत, 'आन वं पेचकस, हवा बदलली.' फिरवा मुकाट्यानं!"

फिरवला. थोडा-थोडा, कान देऊन. दोरी ओढली आणि, अहाहा! भकभक मोकळी होत गेली, सूर वर सरकला, मागून निळसर धूर सुटला. धूर आहे म्हणजे तेल पोचतंय, तुझा पिस्टन सुखरूप आहे, काळजी करू नकोस. रिमोट मी वहिनींच्या हातात दिला. त्यांनी पहिल्याच दणक्यात ट्रक तुळशीवर नेला! तू पाहायला हवं होतंस!

ट्रक कुठे जात नाही, वहिनींनी मैदानावरच्या मंडळींना तसं फोन करून कळवूनही टाकलं. उरलेलं रनिंग मी पूर्ण करतो. आणि शब्द देतो : मृगात येईन, दिवाळीनंतर येईन, हवा बदलेल तेव्हा येईन आणि स्क्रू फिरवीन. आता हात थांबणार नाही.

तुझा,
मन्या