भार-पद्धतीचे एकतीस नियम

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून जुगार बंद. कायमचा. आजपासून फक्त अभ्यास.

फरक लिहून ठेवतो, म्हणजे नंतर घोळ नको. जुगारी माणूस घोड्याचं नाव बघून पैसे लावतो, नाहीतर जॉकीच्या शर्टाचा रंग बघून. मी वजन बघणार. हँडिकॅप रेस म्हणजे तरी काय? चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, सुमार घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. जॉकी हलका पडला तर खोगिराच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात. आता वजन आणि शिसं या दोन गोष्टींतलं माझ्याएवढं कुणाला कळतं? एकवीस वर्षं दादाच्या दुकानात काटे दुरुस्त करतोय. हलक्या वजनाच्या पोटात शिसं ओतून ते बरोबर करायचं, हाच माझा धंदा. आधी कसं सुचलं नाही, याचंच नवल वाटतं.

नाव ठेवलं: भार-पद्धत. नियम सध्या सात. गेल्या वर्षीच्या निकालांवर तपासली. शंभरात एकाहत्तर बरोबर!

रेस गुरुवारी आणि रविवारी. आज फक्त बघायला जाणार. पैसे नेणार नाही.

संध्याकाळी ६.३०
थोडे नेले होते. बसभाड्यापुरते. चालत आलो. व्यायामही झाला.

८ जानेवारी, गुरुवार
दादाला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातोय. चौथ्या रेसमध्ये पाच नंबरचा घोडा. मानेने हरला, म्हणजे एका मानेच्या अंतराने. मानेने! म्हणजे पद्धत बरोबर, घोड्याची मान आखूड. नियम आठवा: मान बघणे.

११ जानेवारी, रविवार
तीन रेस, तीन घोडे, तिन्ही गेले. वहीत कारणं लिहिली आहेत, प्रत्येकाचं वेगळं. एक घोडा तर सुटतानाच मागे तोंड करून उभा होता. याला पद्धत काय करणार? नियम अकरा झाले.

बचत संपली. पण ती जुगाराच्या काळातली बचत होती, गेली ते बरंच झालं. नवी सुरुवात कोऱ्या पाटीवर.

१३ जानेवारी, मंगळवार
दादाने आठवण करून दिली. १७ फेब्रुवारीला वजनमाप खात्याचे साहेब येणार. प्रमाण वजनांची पेटी तपासणार, मग परवान्यावर सही. पेटी नसेल तर परवाना नाही, परवाना नसेल तर दुकान नाही. हे मला एकवीस वर्षांत एकवीस वेळा ऐकवलंय त्याने.

पेटी बाबांनी घेतलेली. आत मखमल, एक ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत पितळी वजनं, प्रत्येकाच्या बुडाला नंबर आणि खात्याची मोहर. रोजच्या कामाला वेगळी वजनं असतात. ही वर्षातून एकदाच उघडते. बाकी अकरा महिने एकोणतीस दिवस कपाटात नुसती पडून.

नुसती पडून.

१६ जानेवारी, शुक्रवार
विकली नाही. ठेवली आहे. फरक आहे.

दोन गल्ल्या सोडून जुन्या मशिनरीवाला बसतो, त्याच्याकडे. पैसे आणून दे, पेटी घेऊन जा, इतका सरळ व्यवहार. त्याने १५ फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. मला एवढी लागणारच नाही. दोन रेसचे दिवस, की पेटी परत कपाटात. दादाला कळणारसुद्धा नाही की ती जरा बाहेर फिरून आली.

१८ जानेवारी, रविवार
आला!!! सहाव्या रेसमध्ये दोन नंबरचा घोडा! सगळ्यात कमी वजन, बाहेरून आला, सगळ्यांना कापत आला! मी रेलिंगवर चढून ओरडत होतो. शेजारच्या बाईंनी मला खाली उतरवलं.

पेटी सोडवायला पुरतील एवढे आहेत. उद्या सोडवून आणतो.

१९ जानेवारी, सोमवार
नीट विचार केला. पद्धत नेमकी रुळावर आली असताना भांडवल काढून घेणं अशास्त्रीय आहे. गुरुवारी दुप्पट होतील, मग पेटीही येईल आणि वहिनीला मिक्सरही. बिचारी जुन्या मिक्सरचं झाकण हाताने दाबून धरते.

२२ जानेवारी, गुरुवार
गेले. सगळे.

२३ जानेवारी, शुक्रवार
काल जास्त लिहवलं नाही. आज बरं आहे. चूक सापडली: जमीन ओली होती आणि ओल्या जमिनीत घोडा जड होतो. नियम सतरावा.

२६ जानेवारी, सोमवार
केवळ खबरदारी म्हणून एक काम हाती घेतलंय. बाजारातून साधी पितळी वजनं आणली. दादा दुपारी जेवून तासभर पडतो, तेव्हा खाली दुकानात घासतोय. बुडाला भोक, शिसं ओतायचं, कानस, काटा, परत कानस. एक केस इकडचा तिकडे चालत नाही. रिकामी पेटी तशीच एक माळ्यावर होती, तिला मखमल लावली.

वहिनी चहा घेऊन खाली आली. बघत उभी राहिली. म्हणाली की भाऊजी, इतकं मन लावून काम करताना तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं, दृष्ट लागेल. मी म्हटलं, गिऱ्हाइकाची ऑर्डर आहे. तिने जाऊन दादाला कौतुकाने सांगितलं. दादा वरून ओरडला की चला, उशिरा का होईना, अक्कल आली. मी मान खाली घालून कानस चालवत राहिलो.

१ फेब्रुवारी, रविवार
नियम सव्वीस. आज सव्वीस नियम लावल्यावर सबंध दिवसात एकही घोडा उरला नाही. पद्धत सांगते: आज लावू नका.

पाच रेस हात बांधून बसलो. सहाव्याला नियम सहावा जरा सैल केला. हरलो. अर्थातच! नियम मोडल्यावर दुसरं काय होणार? पद्धतीचा याहून भक्कम पुरावा नको.

पैसे कुठून आले ते लिहीत नाही. सायकल तशीही पंक्चर होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार
रेसवर एक पेन्शनर येतो. शाळेत गणित शिकवायचा म्हणे. वीस वर्षं पेन्सिलीने प्रत्येक रेसचं गणित मांडतो आणि एक पैसा लावत नाही. इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही.

आज त्याला वही दाखवली. अर्धा तास वाचली त्याने. मग म्हणाला की तुम्ही नियम कशावरून केलेत? म्हटलं, गेल्या वर्षीच्या निकालांवरून. आणि तपासलेत कशावर? म्हटलं, गेल्या वर्षीच्या निकालांवर. तो म्हणाला की उत्तर पाठीमागे बघून गणित सोडवलंत, तेसुद्धा शंभरात एकोणतीस चुकवून. माझ्या वर्गात असता तर कान धरून उभं केलं असतं.

मी त्याच्याकडे उसने मागितले. त्याने नाही म्हटलं आणि चहा पाजला. चहा कशाला हवा होता मला? मत्सर, दुसरं काही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
आनंदाची बातमी!! सगळं कळलं!

शिकाऊ जॉकी असला तर त्याला वजनात सूट मिळते. दोन-तीन किलो सरळ कमी. आणि मी पेपरात छापतात ती वजनं घेत होतो, सूट न कापलेली! म्हणजे सव्वा महिना सगळी आकडेमोड चुकीच्या वजनांवर चालली होती. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो की छापील वजनावर विसंबू नका, काट्यावर ठेवून बघा. आणि मीच!

पण याचा अर्थ काय? पद्धत कधी चुकलीच नव्हती. तिला संधीच मिळाली नव्हती. रेसबुक घेऊन बसून हसलो. मग जरा रडूही आलं, का ते कळलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार
जुन्या मशिनरीवाल्याकडे गेलो. मुदत वाढवून मागितली. तो म्हणाला की परगावचं गिऱ्हाईक बसलंय, रविवार संध्याकाळपर्यंत थांबतो, सोमवारी पेटी जाईल. हातापाया पडलो. खरंच पडलो, लोक बघत होते. तो म्हणाला की उठा, कपडे खराब होतील.

घरी येऊन ठरवलं, दादाला सांगायचं. सरळ. दादा, चुकलो. तो परवान्याचे कागद पुसून पुसून फायलीत लावत होता. म्हणाला की पुढच्या वर्षी साठीला लागतो मी, या खेपेला परवान्यावर तुझं नाव घालायचा अर्ज देऊ, सगळं तुझंच आहे. काहीतरी पुटपुटून वर निघून आलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
गेलो नाही. हो, गेलो नाही! संयम. सगळी ताकद रविवारसाठी. मोबाइल विकला. वहिनीला सांगितलं, हरवला. ती बिचारी गल्लीभर शोधत फिरली.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२
पाचवी रेस, नऊ नंबर. एकतीस नियमांपैकी एकतीस. शिकाऊ जॉकी, सूट कापून. पाच वेळा तपासलं. हा आला की पेटी, मोबाइल, सायकल, सगळं परत. आणि मग मी रेसचं नाव काढणार नाही. कुणीही शपथ घालावी.

संध्याकाळी ५.४०
आला. पहिला आला. दोन घोड्यांच्या लांबीने.

मी खिडकीच्या रांगेत उभा होतो, तिकीट घट्ट धरून. मग लाउडस्पीकरवर सांगितलं की निकाल थांबवलाय. रेस संपली की जॉकीला खोगिरासकट काट्यावर उभं करतात. सुटताना होतं तेवढं वजन परत भरायला हवं. नऊ नंबर कमी भरला. शिशाची एक पट्टी वाटेत कुठेतरी पडली. घोडा बाद.

एक पट्टी. असल्या पट्ट्या आमच्या दुकानात केरात निघतात.

पण पहिला आला होता, हे नोंदवून ठेवतो. पद्धत सिद्ध झाली.

जुन्या मशिनरीवाल्याकडे गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

१६ फेब्रुवारी, सोमवार
परगावचं गिऱ्हाईक पेटी घेऊन गेलं. मी समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. त्याने टेम्पोत मागे नुसती टाकली.

माझी पेटी कपाटात ठेवली आहे. दिसायला तंतोतंत. वजनं बिनचूक. साहेब काट्यावर घालून बघतात आणि जातात, दर वर्षी हेच. खाली वाकून कोण बघतं? काही होणार नाही. काही होणार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
नवे साहेब होते. तरुण.

सगळी वजनं त्यांनी स्वतःच्या काट्यावर घातली. एकूण एक बरोबर. म्हणाले की नोकरीत इतका नेमका संच पाहिला नाही. माझी छाती फुगली. लाज वाटते लिहायला, पण फुगली.

मग त्यांनी पाच किलोचं उलटं केलं. नंबर नाही, मोहर नाही. एकेक करून सगळी उलटी केली. साहेबांनी विचारलं की ही नक्कल कुणाची?

दादाने ते वजन हातात घेतलं. बुडावरून अंगठा फिरवला. कानस चालवायला त्यानेच मला शिकवलंय, माझा हात तो झोपेतही ओळखेल. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, माझी.

मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. शब्द आला नाही, किंवा मी आणला नाही. दादाने सही केली. परवाना रद्द, त्याच्या नावावर गुन्हा, दुकानाला कुलूप. वहिनी जिन्यात उभी होती, सगळं ऐकलं असणार.

संध्याकाळी दादा पाटी उतरवायला स्टुलावर चढला. मी स्टूल धरलं. वरूनच म्हणाला की पाच किलोचं काम सुरेख झालंय, बाबांनाही असं जमलं नसतं. मला हुंदका आवरेना. त्याने पाटी माझ्या हातात दिली.

मग खाली उतरून म्हणाला की धान्याच्या गोदामात पोती तोलायला माणसं हवी आहेत, तो उद्या सकाळी जाणार आहे. दोघांना जागा आहे. माझ्यासाठी शब्द टाकू का, म्हणून विचारलं. सुट्टी सोमवारची, गुरुवार-रविवार मात्र जावंच लागेल.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.