यादीत सुटलेली ओळ

नांदेड
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रामकिशन भावजी,

जय भीम. लातूरला सगळे बरे असाल. तुमच्या नातीची, मंजुश्रीची, दहावी यंदा की पुढच्या वर्षी, ते मला आता आठवत नाही. माझं ठीक आहे. गुडघे धरतात. वाचन चालू आहे.

फोन करता आला असता. पण तुम्ही ‘जाऊ द्या वहिनी’ म्हणाल आणि मी गप्प बसेन, हे मला माहीत आहे. म्हणून कागद घेतला.

परवा मैदानाकडून आले. गोलाचे खांब काढून टाकलेत. कडेनं चालायला फरशी केली आहे, मधे क्रिकेट चालतं. शहरात सहा क्लब होते आणि रविवारी सकाळी तिथं उभं राहायला जागा मिळायची नाही, हे आता कुणाला सांगावं? आपल्या ‘गोदाकाठ’चे सोळा शर्ट मी दर सोमवारी दगडावर धूत असे. तुमच्या नऊ नंबरचा चिखल सगळ्यात उशिरा निघायचा.

तुम्ही उठून गेलात, ‘उदय’ नावाचा वेगळा क्लब काढलात, निम्मे खेळाडू तुमच्यामागं गेले. आपलं बघून बाकीचेही फुटले. सहाचे नऊ क्लब झाले. मग कुणी पुण्याला कामाला गेलं, कुणाचं लग्न झालं, आणि नऊपैकी एकाकडेही अकरा माणसं उरली नाहीत. लोक म्हणतात, दोन मित्रांच्या भांडणानं नांदेडचा फुटबॉल संपला. आमचे हे, तुमचे मित्र आनंदराज, जाईपर्यंत ते बोलणं ऐकून घेत होते. मागच्या वर्षी त्यांना नेलं तेव्हा तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे होता. मी पाहिलं होतं.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसले.

ज्या फायनलनंतर तुम्ही क्लब सोडलात, तिच्या आदल्या संध्याकाळी खेळाडूंची यादी द्यायची होती. तुम्हीच ह्यांना म्हणाला होतात, “वहिनीला लिहू दे. अक्षर लई चांगलं हाय त्यांचं.” वाचायला पहिलं पुस्तकही तुम्हीच आणून दिलं होतं. मी तेव्हा ओळीखाली बोट ठेवून वाचत असे. ह्यांच्या कच्च्या कागदावरून उतरवत होते, तेवढ्यात दूध उतू गेलं. उठले. परत येऊन बसले आणि बोट एक ओळ खाली ठेवलं.

ती ओळ तुमची होती.

सकाळी पंचांनी पंधरा नावं वाचली. यादीत नसलेल्याला मैदानात उतरता येत नाही. तुम्ही ह्यांना सगळ्यांसमोर विचारलंत, “कोणी लिहिली यादी?” हे म्हणाले, “मीच कापलं तुला.” आपण एका गोलानं हरलो.

घरी आल्यावर मी रडले. म्हटलं, आत्ता जाऊन सांगते. ते म्हणाले, “सांगितलंस तर सगळे हसतील आणि तू पुन्हा पेन धरणार न्हाईस. क्लब काय, परत उभा करता येईल.” मला ते पटलं, कारण मला तसंच हवं होतं. मी घाबरले होते, भावजी. एक दिवस गेला, मग महिना, मग एकवीस वर्षं. क्लब काही उभा राहिला नाही. तुम्हाला सांगू का, असं मी दरवर्षी विचारत राहिले आणि ते दरवर्षी ‘राहू दे’ म्हणत राहिले. दार उघडलं की बाहेर तुमची चप्पल दिसते का, हे ते शेवटपर्यंत बघायचे.

आज मी जाडजाड पुस्तकं वाचते. हे पत्र लिहिते आहे. ते कशाच्या बदल्यात मिळालं, ते आता तुम्हाला कळलं.

२३ तारखेला, रविवारी, त्यांचा पहिला स्मृतिदिन आहे. सकाळी दहाला, घरीच. जुने खेळाडू जमतील ते जमतील. वंदना झाल्यावर मी ती यादी वाचणार आहे, कच्च्या कागदावरची, सोळा नावांची, आणि ती कुणी चुकवली तेही सांगणार आहे. हसतील ते हसू देत. नऊ नंबरचा शर्ट धुऊन ठेवला आहे.

माफ करा असं म्हणत नाही. फक्त या. तुम्ही आलात किंवा नाही, तुमचं नाव वाचलं जाईल. आता बोटाची गरज नसते मला, पण त्या दिवशी बोट ठेवूनच वाचीन.

यादी लिहिणारी,
तुमची वहिनी
महामाया