शिक्षकाची मदत : शून्य

दि. ६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वस्तीत फोन लागत नाही म्हणून तुला पत्रं लिहावी लागतात, आणि मी मात्र मोबाईलवर शाळा काढायला निघालोय, यावर आई दिवसातून दोनदा हसते. हसू दे. आमचं अ‍ॅप तयार झालंय, आणि चाचणीच्या बारा शाळांत तुझी खाणीजवळची शाळा आहे. साहेबांच्या मागे लकडा लावून मीच ती यादीत घालून घेतली. मुलांनी धडा ऐकायचा आणि चित्रांवर बोट ठेवून उत्तरं द्यायची. रेंज नसली तरी उत्तरं मोबाईलमध्ये साठून राहतात, रेंज आली की आपोआप आमच्याकडे येतात.

अट एकच. तू मध्ये पडायचं नाहीस. जिथे शिकवायला कुणीच नाही, तिथल्या मुलांसाठी हे आहे. म्हणून शिक्षकाशिवाय चालतं का, हेच बघायचंय. तू मोबाईल चार्ज कर आणि गप्प बस. त्यातलं दुसरं तुला जड जाईल हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं घातलीत गं यात. फसलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तुझं पत्र आई माझ्या आधी फोडते, तेव्हा माझ्याबद्दलची गाऱ्हाणी जपून लिही. माया आहेच, ती उतू जाऊ दे.

तुझा,
घुम्या

दि. २४ जून

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे सहा मोबाईल पोचले. पोरं तेवीस, म्हणजे एकेका काचेवर चार-चार डोकी. सकाळी खडी वेचून आलेल्या पोरांची बोटं धुळीने भरलेली असतात, ती टेकवली तरी तुझ्या काचेला पत्ता लागत नाही. मग दाराशी बादली ठेवली. हात धुवायचे, कपड्यांना पुसायचे, मग धडा.

अपूर्णांक शिकवायला तू गोल केक कापलास. इथे केक कुणी पाहिलेला नाही. चारांतला एक भाग केवढा, असं मोबाईलमधली तुझी बाई गोड आवाजात विचारते, तर आमची भुंगा म्हणाली, जो कापेल त्याचा मोठा असणार. भुंगा म्हणजे खडी फोडणाऱ्या जोडप्याची दहा वर्षांची लेक. सारखी गुणगुणते म्हणून हे नाव पडलं. तोंडी हिशोबात मला मागे टाकते, पण केकपुढे तिचंही काही चालेना. बाकीची पोरं तर हिरवं चित्र छान दिसतं म्हणून हिरवंच दाबत सुटली.

पहिल्या आठवड्याचे आकडे तू पाहिले असशील. मनाला लावून घेऊ नकोस. आता बरं चाललंय, कसं ते विचारू नकोस. दर शनिवारी सगळे मोबाईल पिशवीत घालून मी पाण्याच्या टाकीवर चढते, तिथे रेंज मिळते. या वयात माकडउड्या मारायला लावल्यास मला.

वेळेवर जेवत जा. आईच्या गुडघ्याला शेक दे. चार ओळी का होईना, लिहीत राहा.

तुझी,
ताई

दि. ५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शाळा पहिली आली! बाराही शाळांत पहिली. सुरुवातीला शंभरात एकवीस उत्तरं बरोबर येत होती, आता चौऱ्याऐंशी येतात. बाकीच्या शाळा तिशीच्या वर सरकल्या नाहीत, पण तुझ्या शाळेने आमची लाज राखली.

काल शिक्षण खात्यात साहेबांनी मलाच बोलायला उभं केलं. एका अधिकारी बाईंनी विचारलं, की तिथल्या शिक्षिकेनेच शिकवलं नसेल कशावरून? मी छाती ठोकून सांगितलं, की ती माझी सख्खी बहीण आहे, तिला मी बजावून ठेवलंय. रिपोर्टात एक रकाना होता, शिक्षकाची मदत किती तास. तिथे शून्य लिहून मी खाली सही केली. टाळ्या पडल्या, ताई. आईला सांगितलं तर तिने पदराने डोळे पुसले.

भुंगाने अपूर्णांकाचा धडा एकही चूक न करता सोडवलाय. माझ्याकडून तिची पाठ थोपट. आणि घुम्या आता सभेत बोलतो, हे वस्तीभर सांग.

तुझा,
घुम्या

दि. ३० ऑगस्ट

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

कालच्या टपालाने खात्याचा हुकूम आला. या वस्तीतली मुलं शिक्षकाच्या मदतीशिवाय उत्तम शिकतात असं सिद्ध झाल्याने शाळा तीस सप्टेंबरला बंद होईल. मोबाईल खाणीच्या मुकादमाकडे राहतील, मुलांनी त्याच्याकडून घ्यावेत. माझी बदली गावातल्या मोठ्या शाळेत झाली आहे. म्हणजे माझं काही वाकडं होत नाही, हे आधी ध्यानात घे.

आता जे सांगायला हवं होतं ते सांगते. मी गप्प बसले नाही. रोज सकाळी तुझा धडा आधी मी ऐकायचे, केकच्या जागी खडीचे ढीग मांडायचे आणि सगळ्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत फळ्यावर घ्यायचे. दुपारी पोरं मोबाईलवर नुसती उत्तरं दाबायची. पहिल्या आठवड्यात मोबाईलवर ते एकवीस बघून तुझा लहानपणीचा रडवेला चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि मला राहवलं नाही. तुझी फजिती होऊ नये एवढंच मनात होतं. त्यावरून कुणी शाळाच उचलेल, हे स्वप्नातही आलं नाही.

दुसरी शाळा हमरस्त्यापलीकडे नऊ किलोमीटरवर आहे. तिथे कुणी पोरीला धाडणार नाही. भुंगाची आई म्हणाली, की मग ती माझ्याशेजारी हातोडी घेऊन बसेल. रागाने नाही म्हणाली, सहज म्हणाली. घुम्या, तू खात्याला खरं काय ते कळव. माझी चूक म्हणून कळव.

ताई

दि. १० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून डोकं सुन्न झालं. तू मला एका शब्दाने विचारलं होतंस का? मी तिथे छाती ठोकत होतो आणि तू फळ्यावर धडे घेत होतीस.

कळव म्हणणं सोपं आहे. आमच्या गटात चौदा माणसं आहेत. पुढच्या वर्षीचं काम ऑक्टोबरच्या पहिल्या बैठकीत ठरेल. आत्ता तोंड उघडलं तर चौदाही घरी बसतील आणि खोटारडा म्हणून माझं नाव होईल. साहेबांना आडून विचारून पाहिलं, तर ते म्हणाले की आकडे ते आकडे. बैठक होऊ दे, मग मी बघतो. तीन आठवड्यांनी काही आभाळ कोसळत नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

या वेळी तुझं पत्र आईच्या आधी माझ्या हाती लागलं, तिला हे कळू देऊ नकोस. हे पत्र कचेरीतून टाकतोय, उत्तरही कचेरीच्या पत्त्यावर पाठव.

घुम्या

दि. २१ सप्टेंबर

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

तुझी वाट न पाहता मीच खात्याला लिहिलं. आज उत्तर आलं. अ‍ॅप बनवणाऱ्याने मदत शून्य असल्याचं सहीनिशी दिलं आहे, आणि जिची जागा जाते ती शिक्षिका असं म्हणणारच, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही, तुझ्याच सहीला आहे. शाळा वाचायची तर ती सही तुलाच मागे घ्यावी लागेल.

तुझ्या जागी मी काय केलं असतं, ते मलाही ठाऊक नाही. पण माझ्या जागेवरून मला तेवीस तोंडं दिसतात. नऊ दिवस उरलेत. फार नको, एक ओळ लिही.

ताई

दि. ५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा, तीन तारखेला, सगळं खरं लिहून दिलं. बैठक एक तारखेला होती. ती पार पडू दिली आणि मग लिहिलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. त्याच अधिकारी बाईंनी पत्र घेतलं. दोनदा वाचलं. म्हणाल्या, की हुकूम अमलात आलाय, खोली खाणीला दिली, पुढच्या वर्षी फेरविचार करता येईल. तीस तारखेच्या आत मी आलो असतो तर त्यांनी तो त्याच दिवशी थांबवला असता, हेही त्यांनी सांगितलं.

साहेबांनी मला कामावरून काढलं. चौदांतले तेरा तिथेच आहेत. म्हणजे ज्यांच्यासाठी थांबलो असं म्हणत होतो, त्यांना काहीच झालं नाही. मी माझ्यासाठीच थांबलो होतो, ताई. आईला सगळं सांगितलं. ती ताट वाढते, पण बोलत नाही.

मला माफ कर. दुसरं काय लिहू.

घुम्या

दि. १४ ऑक्टोबर

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

पत्र नव्या पत्त्यावर फिरून आलं. माफीचं म्हणशील तर ती केव्हाच दिली, मोठी बहीण आहे ना. माझ्या चुकीचं काय करायचं, ते मात्र मला कुणी सांगत नाही. आईच्या अबोल्याची काळजी करू नकोस, मी तिला वेगळं लिहिते आहे.

रविवारी वस्तीवर जाऊन आले. शाळेच्या खोलीत तेलाची पिंपं ठेवलीत. मोबाईल मुकादमाच्या कपाटात आहेत, मागायला कुणी जात नाही. भुंगा आईशेजारी बसली होती. डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून मान वळवून हातोडी मारायची, हे तिला दोन आठवड्यांत जमलंय. मला बघून उठली, हात पुसले. तिने विचारलं, की बाई, आपण पहिले आलो म्हणून शाळा बंद झाली ना? मग आम्ही मुद्दाम चुकीची चित्रं दाबली असती तर शाळा राहिली असती का?

एकोणीस वर्षं शिकवते आहे रे मी. नाही म्हणायला जीभ रेटेना. हो म्हणाले.

तब्येत सांभाळ.

तुझी,
ताई