सुरूबंदरला पाहण्यासारखं

कोपरी, सोमवार दुपार

प्रिय अँजेला,

जाऊन आले तुझ्या सुरूबंदरला. काल सकाळी गेलेलो, आज दुपारी परत आलो, आणि हातपाय धुऊन आधी हे लिहायला बसले. आमचे हे विचारत होते, उद्या मंगळवार, उद्या चार तास तिच्या शेजारच्याच खुर्चीत पडून असणार आहेस, मग पत्र कसलं लिहितेस? मी म्हटलं, तुम्ही झोपा गुपचूप. पोपट नावाच्या माणसाशी लग्न केलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की ह्यांची बडबड काही थांबायची नाही. आता आत घोरतायत.

तू मला तिथे हवापालटाला पाठवलं नव्हतंस, हे मला ठाऊक आहे. येत्या रविवारी तुझा ब्रँडन गाडी करून तुला घरी नेणार, आणि त्यानंतर तू डायलिसिसला येणार नाहीस. तुझ्या हृदयाला आता मशीन सोसत नाही, हे डॉक्टरांनी तुला आणि मुलांना समोर बसवून सांगितलं. मशीन बंद केल्यावर माणसाला फार दिवस मिळत नाहीत, हे आपल्या दोघींना वेगळं कुणी सांगायला नको. तू ते ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, मग मला माझ्या घरी जाऊ दे. मला हे सांगितलंस त्या दिवशी माझं बीपी एवढं चढलं की टेक्निशियन धावत आला, आणि तू पलीकडून हसत होतीस. मेली निर्लज्ज. वर मलाच म्हणालीस, कलावती, तू एकदा जाऊन बघून ये. बाळकुमच्या फ्लॅटमध्ये येऊन तीन वर्षं झाली, गावात आता बघण्यासारखं काय उरलंय, मला पडल्या पडल्या काय दिसेल, काय करता येईल, ते खरं सांग, माझी मुलं मला सगळं साखर लावून सांगतात. गावी राहिलेल्या तुझ्या नवऱ्याची, ग्रेगरीभाऊंची, तुला काळजी नव्हती. फोनवर तू म्हणालीस, मी घरी येते, आणि ते म्हणाले, ये. बस्स, तेवढ्यावर तू निश्चिंत झालीस. तो बोलत नाही, पण त्याला सगळं समजतं, असं तू मला किती वेळा सांगितलंस.

तर ऐक. तालुक्यापर्यंत एसटी, पुढे टमटम. टमटमवाल्याने मागे सहा जण कोंबले आणि माझा सुया टोचायचा, फिस्टुलाचा हात मी सगळा रस्ता छातीशी धरून बसले होते. गावात शिरताना ग्रामपंचायतीने मोठा बोर्ड लावलाय, सुरूबंदर येथील पाहण्यासारखी ठिकाणे. दीपगृह, किल्ला, चर्च, सुरूची बाग आणि सूर्यास्त. प्रत्येकासमोर बाण. सूर्यास्तालासुद्धा बाण काढलाय, आणि तो चुकून सुलभ शौचालयाकडे गेलाय. ह्यांनी त्या बोर्डाखाली उभं राहून फोटो काढून घेतला. डोंबिवलीचा अख्खा एक ग्रुप आलेला, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पिवळ्या टोप्या, आणि त्यांचं ते केळ्यासारख्या बोटीत बसून ओरडणं चाललेलं. तू म्हणायचीस ना, आमच्या किनाऱ्यावर दुपारी कुत्रंसुद्धा नसतं, तर तसं आता नाही. भेळ आहे, उंट आहे, घोडागाडी आहे. हे उंटावर बसले. उतरताना कंबर धरली ती अजून धरलेलीच आहे.

किल्ला म्हणजे दोन भिंती आणि एक विहीर. मी अर्ध्या वाटेवर दगडावर बसून राहिले, धाप लागली. दीपगृह खालूनच बघितलं. चर्चला निळा रंग दिलाय, चांगला दिसतो, आणि आत इतकं गार होतं की उठावंसं वाटेना. तू सांगितलेल्या जागी बसले, डावीकडची दुसरी रांग, भिंतीच्या कडेला. तुमच्यात कसं मागतात मला माहीत नाही, मी आपले हात जोडले. पण काय मागायचं तेच कळेना बघ. तिला बरी कर म्हणायला गेले तर आतून वाटलं, आता हे मागणं म्हणजे देवालाच कोड्यात टाकणं. आणि तिला सुखाने ने असं म्हणायला माझी जीभ वळेना. मग नुसतीच बसले. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, एवढा वेळ काय करत होतीस? मी म्हटलं, पंखा छान होता.

आज पहाटेच किनाऱ्यावर गेलेले. बोटी लागल्या होत्या, लिलाव चाललेला, बायका पाट्या घेऊन एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. बोंबलाचा हंगाम लागलाय. बांबूच्या वलांडींवर, एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने वाळायला टांगलेले, पार सुरूच्या झाडांपर्यंत. तुझी चुलत जाऊ तिथे होती. तुझं नाव सांगितलं तर तिने हातातलं काम टाकून मला मिठीच मारली, सगळ्या अंगाला वास. मलाही एक जोडी टांगायला दिली. मी अडकवली आणि दोन्ही बोंबील धपकन वाळूत. ती म्हणाली, गो बाय, तुझे हात ठाण्याचे. तो सुक्या बोंबलाचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि पाठोपाठ रडू आलं. मीठ नको, पाणी नको, केळं नको, टोमॅटो नको. आपण कशासाठी जगतो गं ह्या मशीनला बांधून, असं त्या वाळूत उभं राहून मला पहिल्यांदाच वाटलं. म्हणून तुला घरी का जायचंय ते मला आज कळलं. इतके दिवस मी नुसतीच मान डोलवत होते.

मासळी बाजारातली तुझी बसायची जागाही तिने दाखवली, खांबाजवळची. तिथे कुणी बसत नाही. ग्रेगरीने सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे, नाताळ झाला की अँजेला येऊन बसेल. त्याचं पुढे सांगते.

आता तुझं घर. दारापासून आतपर्यंत पिवळा रंग लावलाय, हळदीच्या लग्नघरासारखा. न्हाणीत धरायला दांडे लावलेत, कमोड बसवलाय. गावातला सुतार गोविंदा खिडकीची झडप नीट करत होता, कारण ती उघडताना करकरते आणि तुला आवाजाचा त्रास होतो. तुझी खाट पुढच्या खोलीत खिडकीशी आणलीय. तू सांगितलं होतंस म्हणून मी तिच्यावर आडवी होऊन बघितलं. एका उशीवर डोकं ठेवलं तर नुसतं आभाळ, बोटींच्या काठ्यांची टोकं, त्यांच्यावरची फडकी आणि समोरच्या क्रुसाचा वरचा अर्धा भाग एवढंच दिसतं. पाणी दिसत नाही. दोन उशा घेतल्या की धक्का दिसतो आणि पाणीही दिसतं. म्हणून दोन उशा माग. सकाळी बायका पाट्या घेऊन अगदी खिडकीखालून जातात, त्यांचं भांडण स्पष्ट ऐकू येतं, तेवढ्यात तुझा वेळ मजेत जाईल. ऊन वर आलं की पायांवर येतं, तेव्हा पडदा लागेल. संध्याकाळी गल्लीतली पोरं क्रुसापाशी क्रिकेट खेळतात. सूर्यास्त तिथून दिसत नाही, तो तुझ्या स्वयंपाकघराच्या मागे होतो. पण भिंत लाल होते.

तू म्हणालीस तसे ग्रेगरीभाऊ काही मुके नाहीत हं. निदान काल नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. रात्री ह्यांना जेवायला सरंगा वाढला, मला माझा अळणी भात. जेवताना सारखं तुझंच. अँजेला आली की बोटीच्या सणाला तिला पहिल्या बोटीत बसवायची, गेली तीन वर्षं तिच्या जागी दुसरीच कुणी नारळ धरते. अँजेला आली की उन्हाळ्यात कोळंबीचं लोणचं. अँजेला आली की ब्रँडनच्या लग्नाचं बघायचं, तो बाळकुमला राहून नुसता लॅपटॉप बघतो. मी हो हो करत होते. मला वाटलं, माणूस दुःख झाकायला बोलतोय. आमच्याकडे पण सासरे गेले तेव्हा सासूबाई पुढच्या वर्षीच्या पापडांचं बोलत होत्या. ह्यांनी मला टेबलाखालून पाय मारला, तेव्हा मी त्यांनाच डोळे वटारले.

हे मी उद्या तुला तोंडाने सांगू शकत नाही, म्हणून लिहितेय. तुझ्या पायाशी तुझी लेक सेरेना बसलेली असते, आणि तुझा चेहरा माझ्यासमोर असला की माझ्याने होणार नाही. जेवण झाल्यावर ग्रेगरीभाऊंनी मागच्या दारातून शहाळ्यांचा घड आणला आणि एक माझ्यासाठी फोडायला घेतलं. मी म्हटलं, भाऊ, आम्हाला शहाळं चालत नाही, त्यातलं पोटॅशियम आमच्या हृदयाला बाधतं. ते हसले. म्हणाले, किडनीला शहाळ्यासारखं औषध नाही, सगळा गाव सांगतो, मी नारळ उतरवणाऱ्या पाडेकऱ्याशी बोलून ठेवलंय, अँजेलाला रोज सकाळी एक. आणि तिला तर आता काय अडचण, सेरेनाने सांगितलं ना, मम्मी बरी झाली, तिला मशीन लागत नाही, म्हणून तर घरी आणतोय. अँजेला, तुझ्या नवऱ्याला खरं काही माहीतच नाही. गेल्या वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट घातले म्हणून पोरांनी त्याला सांगितलेलं नाही, आणि तू फोनवर येते म्हणालीस तेव्हा त्याने ये म्हटलं ते तू बरी होऊन येतेस म्हणून. मी सेरेनाला काय बोलू, मीही नाही सांगितलं. तो कोयता हातात धरून माझ्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, ताई, तुम्ही तिच्याबरोबर असता, तुम्हाला माहीत असेल, ती आली की तिला काय काय खायला चालेल? मी म्हटलं, सगळं चालेल. त्याचं तोंड एवढं फुललं की मी उठून न्हाणीत गेले आणि त्याने तुझ्यासाठी लावलेला दांडा धरून उभी राहिले. तू घरी जाऊ नकोस असं मला म्हणायचं नाही. खरं तर म्हणायचंय, तुझ्याशिवाय त्या खुर्चीत चार तास मी कशी काढू, पण ते माझं झालं. तू जा, दोन उशा घेऊन त्या खिडकीशी पड. फक्त त्याला काही माहीत नसताना जाऊ नकोस गं, नाहीतर तो तुला शहाळी पाजून बरी करत बसेल आणि तू त्याच्याच हातात जीव सोडशील. रविवारच्या आधी त्याला फोन कर, पोरांना मध्ये घेऊ नकोस. तुला एकटीला जमणार नसेल तर शनिवारी मशीन सुटल्यावर माझ्याकडे कोपरीला ये. फोन मी लावून देते आणि तुझ्या शेजारी बसते. तू त्याला काय सांगायचं ते मला सुचत नाही, आणि मला दुसरं काही करताही येत नाही.

तुझीच,
शेजारच्या खुर्चीतली कलावती