बाबांच्या नावचं पाकीट

ता. ३ जानेवारी

प्रिय धाकटीस,

ताईचे अ. उ. आ. पत्र बघून दचकू नकोस. फोन सलूनमध्ये आहे आणि तिथं हे कान टवकारून बसलेले, म्हणून कागद घेतला.

बारक्याला नौदलाच्या ट्रेनिंगला जाऊन सात आठवडे झाले. मोबाईल पहिल्याच दिवशी काढून घेतला, पत्रं तेवढी येतात. पत्रं कसली! मी बरा आहे, जेवण बरं आहे, काळजी नसावी. तीन पत्रं, तिन्हींत हेच. त्याच्या उशीचा अभ्रा मी अजून धुतलेला नाही. हसशील तू.

ह्यांचं वेगळंच. जाताना पोराशी धड बोलले नाहीत, आणि आता त्याचा फोटो आरशाच्या कोपऱ्यात खोचलाय. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावला की मग फोटो दाखवायचा, म्हणजे बिचाऱ्याला उठून जाता येत नाही. वर पुन्हा, तिथल्या न्हाव्यानं मशीन वाकडी चालवलीय, ही तक्रार.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात ह्या पोरांना बोटीवर नेणार म्हणे. माझा जीव थाऱ्यावर नाही. शेजारच्या मास्तरीणबाई सांगत होत्या, घरी कोणी अत्यवस्थ असलं तर मुलाला सोडतात, आणि मधले आठ-दहा दिवस बुडाले की ट्रेनिंगच बुडालं. तू दवाखान्यात कामाला. ह्यांना झटका आलाय असा एक कागद डॉक्टरांच्या सहीनं मिळेल का? ह्यांच्या कानावर जाता कामा नये. एकदा पोरगं दारात आलं की पुढचं मी बघीन.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. ९ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

कागद मिळणार नाही. आमचे डॉक्टर सर्दीच्या दाखल्यावरही तीनदा विचार करून सही करतात, आणि त्यांनी केली तरी मी आणून देणार नाही. अगं, पोरगा बोटीवर निघालाय, फासावर नाही! धडधाकट नवऱ्याला मरणाच्या दारात नेऊन बसवतेस, आणि तेही त्याला न विचारता?

राग येईल, पण लिहिते. भावजींनी आवाज चढवला की बारक्या तुझ्यामागे येऊन लपायचा. आता त्याला लपायला तू लागत नाहीस. तेच तुला सलत नाही ना?

अभ्रा धुऊन टाक. भावजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र धाड.

तुझी,
धाकटी


ता. २९ जानेवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. आईचं पत्र मिळालं. तुम्हाला झटका आला, बोलता येत नाही पण ऐकू येतं, थोडेच दिवस उरलेत, असं तिनं लिहिलंय. म्हणून हे पाकीट तुमच्या नावानं. कुणाकडून तरी वाचून घ्या.

साहेबांनी दहा दिवसांची रजा दिली होती. तिकीटही हातात ठेवलं. मीच नको म्हणालो. मी येणार नाही, मागाहूनही येणार नाही.

इथं पहिल्या दिवशी आमची डोकी भादरली. बरीच मुलं रडली. मला रडू आलं नाही. बारा वर्षांचा असताना माझ्या हातून सलूनमधला आरसा फुटला, तेव्हा तुम्ही मला खुर्चीत बसवून भर गिऱ्हाइकांत माझं डोकं भादरलंत. ते हसले. त्यांच्याबरोबर तुम्हीही हसलात. इथं चाळीसजण एकदम टकले झालो, कुणी कुणाला हसलं नाही. इथंही ओरडतात, पण का ओरडतात ते कळतं.

आईला सांगू नका, तिला वाईट वाटेल, पण मला घराची आठवण येत नाही. तुम्हाला ऐकू येतंय तोवर हे सांगून टाकावं, म्हणून लिहिलं.

तुमचा मुलगा


ता. ६ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

ताईचे आ. तुझं ऐकलं नाही. डॉक्टरांच्या कागदावाचूनच बारक्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर परवा आलं, ह्यांच्या नावानं, आणि पोस्टमननं ते सलूनमध्येच ह्यांच्या हातात दिलं. सोबत पाठवतेय, वाच.

ह्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. मी मागच्या दारातून बघत होते. खुर्चीतल्या माणसाची अर्धी दाढी व्हायची होती. ती केली, कुठं कापलं नाही, पावडर लावली. मग शटर ओढलं आणि मला विचारलं, मी कधीपासून मरतोय. सगळं सांगितलं. मी ह्यांच्या पाया पडले. मला वाटलं, हात उगारतील. नाही. आरसा फुटला त्या दिवशी आपण हसलो होतो का, एवढंच विचारलं. मी म्हणाले, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद-पेन पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, आता लिही, बाप गेला म्हणून. मी नाही नाही म्हणत होते. म्हणाले, तो मोकळा होऊ दे, आणि तू सुरू केलंयस ते तूच पुरं कर. मी लिहिलं. वारले, सगळं उरकलं, तू येऊ नकोस. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला हेच गेले. फोटो काढून खणात ठेवलाय.

तू म्हणशील, खरं लिहून टाक. खरं लिहिलं तर तो माझं तोंड बघेल का?

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

प्रिय धाकटीस,

ताईचे आ. बारक्यानं दीक्षान्त संचलनाला एकच पास पाठवला होता, माझ्या नावाचा. बाबा असते तर कुणालाच बोलावलं नसतं, असं लिहिलं होतं. ह्यांनीच मला गाडीत बसवून दिलं.

मैदानावर तो मला ओळखू आला नाही. सगळे एका मापाचे, पांढरे, ताठ. संचलन सुटल्यावर तोच समोर आला, वाकून नमस्कार केला. खांदे भरलेत. मला बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं, आणि म्हणाला की पंधरा दिवस रजा आहे, तुझ्याबरोबरच घरी येतो, तू एकटी पडली असशील.

धाकटे, घरी हे वस्तऱ्याला धार लावत बसले असणार.

मग त्यानं खाली बघत विचारलं की ते पाकीट वेळेत पोचलं होतं का. पोचलं नसलं तर बरंच, असंही पुटपुटला. रागाच्या भरात लिहिलं, पेटीत टाकलं आणि हात घालून काढता येईना, तेव्हापासून झोप नाही, म्हणाला. नाही पोचलं, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पोरगं तिथंच माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलं असतं. पण मग ते माझ्याबरोबर गाडीत बसलं असतं.

मी म्हणाले, पोचलं. त्यांनी स्वतः वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

त्यानं टोपी डोक्यावर घातली. रजा नको, थेट बोटीवरच रुजू होतो, म्हणाला. मला गेटपर्यंत सोडायला आला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा गेला होता.

तुझा तरी लोभ सुटू देऊ नकोस.

तुझी,
ताई