बाजारातले उंदीर ओढ्यापलीकडे

ब्रिस्बेन,
३ मार्च १९९४

ती. सालासेइनी मावशीस,
मकेरेताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इतकी वर्षं शिकून शेवटी भाची उंदीर मोजायला लागली, असं तू वाइसोलोच्या बाजारभर सांगत फिरतेस म्हणे. सांग, बापडी. पण मी उंदीर मोजत नाही, ते काय खातात ते मोजते. तुमच्या बाजारातून रोज किती दालोच्या कंदांच्या साली, माशांची डोकी, सडक्या पपया बाहेर पडतात ते संगणकाला सांगितलं, की तेवढ्यावर किती उंदीर पोसले जातील ते तो सांगतो. विष घातलं की मेलेल्यांची जागा नवे भरून काढतात. खाणं तोडलं तरच संख्या उतरते. नगरपालिकेला हे पटलं, म्हणून बाजारात झाकणांची पिंपं येताहेत.

काळजी पुढची आहे. खाणं तुटलं म्हणून उंदीर लगेच मरत नाहीत. आधी भुकेने बाहेर पडतात, आणि बाजाराला सगळ्यात जवळची वस्ती तुमची, ओढ्यापलीकडची. म्हणून अहवालात मी लिहिलंय, की आधी वस्तीतला कचरा उचला, सापळे लावा, मगच बाजारातल्या पिंपांना थोडीथोडी झाकणं बसवा. तसंच चाललंय ना, ते बघून कळव. काकांना दालोच्या शेतातल्या चिखलात अनवाणी उतरू देऊ नकोस.

माया आहेच, रागावण्यापुरती तरी राहू दे.

तुझी,
मकेरेता

वाइसोलो,
२१ मार्च

चि. मकेरेतास,
अ. उ. आ.

तुझा अहवाल अर्धाच वाचला गेला असणार. मंत्री नव्या बाजाराचं उद्घाटन करायला येणार, म्हणून नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातल्या लेपानीसाहेबांनी सगळ्या पिंपांना एकाच दिवशी झाकणं लावली आणि मागचा कचऱ्याचा खड्डाही बुजवला. आमच्या वस्तीत ना सापळा आला, ना गाडी. मी विचारायला गेले, तर म्हणाले, बाई, तुमच्याच भाचीच्या संगणकाने सांगितलंय, आता तक्रार कसली करता.

उंदीर आले आहेत. दिवसाढवळ्या ओढ्यावरच्या पाइपावरून येतात, कुत्र्यांनाही जुमानत नाहीत. बदकाची पिल्लं गेली, मच्छरदाणी कुरतडली, काल शिजवलेल्या कसाव्याच्या टोपावरचं झाकण लोटलेलं होतं. बाजारातल्या बायका मला मासे देताना हसून म्हणतात, मकेरेताने पाहुणे पाठवलेत, त्यांना जेवू घाल. मीही हसते. पण शेजारची लितिया हसत नाही. तिच्या लेकराच्या पायाचा अंगठा उंदराने चावलाय.

तुझ्या काकांना बुटाचं सांगितलं. ते म्हणाले, दालोला माझे पाय ओळखीचे आहेत, बूट नाहीत. आता बोल.

आशीर्वाद आहेतच, उत्तर मात्र लवकर दे.

मावशी

ब्रिस्बेन,
३० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळताच लेपानीसाहेबांना फोन केला. ते खुशीत होते. बाजारात उंदीर निम्मे झाले, म्हणाले, तुमचं गणित अगदी बरोबर निघालं. मी म्हटलं, साहेब, ते मेलेले नाहीत, ओढा ओलांडून गेलेत. त्यावर म्हणाले, वस्ती आमच्या हद्दीत येत नाही.

आता त्यांना माझी सही हवी आहे, योजना यशस्वी झाली म्हणून. ती दिली तर आणखी तीन गावांचं काम मला मिळेल. कागद टेबलावर पडून आहे आणि मला तिथे बसून जेववत नाही.

ते राहू दे. तू एवढं कर. सांडलेलं, उरलेलं काही रात्री बाहेर ठेवू नका, डुकरांचं खाणंसुद्धा. पाणी उकळून प्या. पुढचे काही आठवडे सगळ्यात वाईट आहेत, आणि पाऊसही आहे. उंदराच्या मुताने चिखल बाटतो, तो पायाच्या जखमेतून अंगात जातो. कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर फ्लू समजून घरी ठेवू नका. थेट इस्पितळात न्या आणि डॉक्टरांना उंदीर आणि दालोचा चिखल, दोन्ही सांगा. लितियाच्या घरीही सांग.

जपून राहा, मला त्याहून जास्त काही मागायचं नाही.

मकेरेता

वाइसोलोचं इस्पितळ,
१४ एप्रिल

चि. मकेरेतास,
आशीर्वाद.

काका इथे आहेत. तापाने फणफणले, पोटऱ्यांना हात लावू देईनात, तरी म्हणत होते की यंगोनाच्या मुळ्यांचा एक वाडगा प्यायला की उतरेल. मी भावांना बोलावलं आणि उचलून टेम्पोत घातलं. वाटभर मला शिव्या देत होते. डॉक्टर म्हणतात वेळेत आणलं, मूत्रपिंडं वाचतील.

लितियाच्या नवऱ्याला, सेमिसीलाही तोच ताप होता. त्याला मी तुझं पत्र वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, ज्या पोरीने उंदीर पाठवले तिचं औषध मला नको. लितियाने त्याला आणलं तेव्हा तो पिवळा पडला होता. काल गेला.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. पण सही केलीस तर मला लितियाच्या दारावरून जाता येणार नाही.

मावशी

ब्रिस्बेन,
५ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सेमिसीच्या दुखवट्याला आले आणि घाईत निघाले, नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. सहीऐवजी मी राजधानीतल्या आरोग्य मंत्रालयाला पूर्ण अहवाल पाठवला, त्यात तुमची वस्ती ठळक दाखवून. लेपानीसाहेबांनी माझं काम काढून घेतलं. मंत्र्यांनी उद्घाटन पुढे ढकललंय, आणि आधी वस्तीत गाडी फिरवा म्हणून हुकूम आहे, असं ऐकते. खरं काय ते तूच सांगशील. गाडी नीट फिरली तर जुलैपर्यंत उंदीर हटतील, असं माझं गणित सांगतं.

लितियासमोर मी चटईवर बसून, माफी मागताना आपल्याकडे देतात तो देवमाशाचा दात पुढे धरला, तेव्हा तू बाहेर होतीस. तिने तो घेतला नाही. एकच विचारलं, तुझ्या यंत्राला माझं घर माहीत होतं का. मी म्हटलं, वस्ती माहीत होती, घर नव्हतं. ती उठून आत गेली. दात अजून माझ्या कपाटात आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगत नाही, आशा ठेवते.

मकेरेता

वाइसोलो,
२६ मे

चि. मकेरेतास,
अ. उ. आ.

गाडी खरंच येते, दिवसाआड. घराघरात सापळे दिलेत. लेपानीसाहेब स्वतः ओढ्याकाठी उभे होते, कुणी त्यांना बसायला चटई दिली नाही. काका घरी आले आहेत, भिंतीला धरून चालतात आणि जेवणाला नावं ठेवतात, म्हणजे बरे होताहेत.

काल लितिया विहिरीवर भेटली. पहिल्यांदाच तुझं नाव तिने घेतलं. उंदीर कधी हटतील म्हणते ती, असं विचारलं. मी सांगितलं, जुलैत. तिने दोर ओढून घागर वर घेतली. मग म्हणाली, लिही तिला, जुलैत ये म्हणावं, आणि हटले की नाही ते माझ्याबरोबर घरोघरी फिरून बघ म्हणावं. येताना दात घेऊन ये म्हणावं. आधी तिच्या दारी उतरायचं, मग माझ्याकडे, असं तिने बजावलंय. मी तुझ्या वतीने हो म्हटलं आहे.

वाट बघते.

तुझी मावशी,
सालासेइनी