लालसू त्या दिवशी कुठे होता

३ एप्रिल १९८६, वडदाकसा चौकी

आमचा जवान बिरजू वाचला! गोळी मांडीतून आरपार गेली. हवालदार नथ्थूभाऊंनी स्वतःचा शर्ट फाडून पाय बांधला आणि फुटक्या चाकावर जीप तशीच चौकीपर्यंत आणली. नाल्याच्या वळणावर जीप हळू होतेच. तिथंच जंगलवाले दबा धरून होते. चार-पाच गोळ्या— आणि गायब! मागे धावायचं कुणी, कुठं? बिरजूला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात पाठवला.

चौकीच्या साहेबांचं सकाळपासून एकच. "रामटेके, मला नाव पाहिजे."

माझं काम ऐकायचं आणि लिहायचं. बाबा फॉरेस्ट गार्ड होते, लहानपण सारं एटापल्लीकडच्या नाक्यांवर गेलं, म्हणून गोंडी येते. म्हणून मला इथं आणून बसवलंय. बाजारात फिर, कानावर पडेल ते खबर म्हणून लिही. बंदूक नाही, वर्दी नाही. साहेबांच्या लेखी मी अर्धा पोलीस, जंगलवाल्यांच्या लेखी पुरा खबऱ्या.

नाव पाहिजे म्हणे. मला माहीत नाही तर देऊ कुठून?

४ एप्रिल

माणूस आणला. कोसमगुड्याचा लालसू. मोहाच्या झाडाखाली सापडला, हातात कुऱ्हाड. जंगलातल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड नसेल तर काय छत्री असेल?

साहेब खूश आहेत.

५ एप्रिल

लालसूला मारलं. आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता. मग मला बोलावलं. त्याला मराठी धड येत नाही, साहेबांना गोंडी येत नाही, मध्ये मी.

"विचार, जंगलवाल्यांच्या दलममध्ये कधीपासून आहे."

विचारलं. लालसू म्हणाला, "हिले."

"काय म्हणतो?"

"नाही म्हणतो."

"पुन्हा विचार."

पुन्हा विचारलं. पुन्हा हिले. ओठ फुटलेला, पण मान वर. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. म्हटलं, "साहेब, तो खोटं बोलतोय असं वाटत असेल तर मी गावात जाऊन बघून येतो. पण असं विचारायला मला बोलावू नका."

कानाखाली बसणार असं वाटलं. नाही बसली. साहेबांनी नुसतं बोटानं दार दाखवलं. ते जास्त वाईट.

६ एप्रिल

त्याची बायको आली. बुधरी. जवानांनी हाकललं, तर उठली, जरा सरकली, पुन्हा बसली. चौकीच्या फाटकासमोर, चिंचेखाली. रडणं नाही, पाया पडणं नाही. भाकरी बांधून आणलेली मांडीवर.

मी पाणी घेऊन गेलो. गोंडीत बोललो. तिनं मुद्दाम मराठीत उत्तर दिलं— साऱ्या चौकीला ऐकू जावं म्हणून!

"माह्या माणसाले पाणी पाजला का? आंधी त्याले पाज. मंग मी पितो."

गेलो आत. पाजलं त्याला. भाकरीही दिली. पहाऱ्यावरच्या जवानानं तोंड फिरवलं— त्यालाही घरी कुणी असेल.

बाहेर येऊन सांगितलं. मग तिनं लोटा तोंडाला लावला, एका दमात रिकामा केला.

७ एप्रिल

सायकल काढली. नथ्थूभाऊ आडवे आले. "रामटेके, मरायले काऊन जाऊन राह्यला? चौकीचा माणूस एकटा जाते का तिकडं?"

"जीप घेऊन गेलो तर कोणी खरं बोलंल का, भाऊ?"

त्यांनी सायकल सोडली. म्हणाले, "अंधार पडाच्या आत ये."

कोसमगुड्यात म्हातारा कोलू आहे, गावाचा मुख्य. नव्या छपराखाली बसला होता. म्हटलं, जीपवर गोळ्या झाडल्या त्या दिवशी लालसू कुठे होता? त्यानं बोट वर केलं.

"इथी. माह्या छपरावर."

त्या दिवशी त्याच्या घरावर छप्पर चढलं. पुरुष सारे वर. लालसू घसरला, कोपर सोलून निघालं, सगळे हसले. ढोपराएवढ्या पोरीनं मला त्याच्या पडण्याची नक्कल करून दाखवली! नाल्यापलीकडच्या टोल्यावरून, वेगळ्या वस्तीतून, दोघे मदतीला आले होते. तिकडेही गेलो. तेही तेच बोलले, आणि कुणीही पढवल्यासारखं नाही.

परत येऊन कोठडीत लालसूचा हात पाहिला. कोपरावर जुनी खपली. मारानं झालेलं नाही ते.

छातीवरचा दगड उतरला. खरं काय ते कळलं की झोप येते.

८ एप्रिल

खबर लिहिली. घटनेच्या दिवशी लालसू दिवसभर कोसमगुडा गावात छप्पर चढवत होता. गोळीबारात नव्हता. मी स्वतः जाऊन खात्री केली.

साहेबांनी वाचली. फाडली. "आता मी सांगतो तसं लिही."

"नाही लिहिणार."

"जवान जखमी झालाय माझा! वर काय दाखवू? छप्पर?"

"खरं दाखवा. बिरजू माझाही आहे, साहेब. त्याला मारणारा सुटला आणि हा आत सडला, तर बिरजूचं काय भलं झालं? आणि धरल्यावर चोवीस तासांत कोर्टासमोर न्यावं लागतं. किती दिवस झाले बघा."

साहेब हसले. "तुम्हा लोकांना कायद्याचा फार पुळका."

तुम्हा लोकांना! कळलं मला कुठल्या लोकांना ते. आमच्या ब्रह्मपुरीच्या घरी भिंतीवर एकच फोटो आहे, तो डोळ्यांपुढे आला. म्हटलं, "कायदा आमच्याच घरचा आहे, साहेब."

नथ्थूभाऊ दारात उभे होते. त्यांनी खाली मान घातली, पण मिशीत हसत होते. मी पाहिलं.

९ एप्रिल

बुधरी अजून तिथंच. रात्रीही तिथंच होती. जवान म्हणतात, बाई आहे का खुंटा!

मी पुन्हा लिहिली खबर. तीच. शब्द न शब्द तीच.

११ एप्रिल

जिल्ह्याला आलो. रजा मागितली नाही— मिळणार नव्हतीच. लाकडाच्या ट्रकनं आलापल्लीपर्यंत, पुढं एस.टी. कपडे धुळीनं लाल.

मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर दुपारपर्यंत उभा केला. शिपाई दोनदा म्हणाला, उद्या या. दोनदा म्हटलं, उद्यापर्यंत तो माणूस राहील का, सांगा. शेवटी आतूनच आवाज आला, कोण भांडतंय?

मोठ्या साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढला.

"तुमच्या चौकीतून तर आलंय की मोठा माणूस हाती लागला."

"खोटं आहे."

"नोकरी जाईल, समजतं ना?"

"समजतं."

"मग?"

मग काय! मला काही मोठं सुचलं नाही. म्हटलं, "साहेब, आम्ही इथं खबर लिहितो म्हणून तुम्हाला जंगल कळतं. खबरच खोटी लिहिली तर तुम्ही आंधळे, आम्ही आंधळे. दिसेल त्याला मारत सुटू. मग बंदुका काय कामाच्या?"

त्यांनी फोन उचलला.

१३ एप्रिल

सुटला! लालसू सुटला!

उभं राहता येत नव्हतं. बुधरीनं त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. कुणाच्या मदतीची वाट पाहिली नाही. फाटकाशी थांबून माझ्याकडे वळली. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल.

"बाबू, तू खरा माणूस आहेस गा," म्हणाली. "म्हणून सांगतो. इथी नोको राहू."

मी हसलो. म्हटलं, मी इथंच राहणार.

ती हसली नाही.

१४ एप्रिल

आज मोठा दिवस. खोलीतच मेणबत्ती लावली. नथ्थूभाऊ येऊन बसले, शेंगदाणे घेऊन. छान वाटलं.

१९ एप्रिल

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. जेवणात माझं ताट वेगळं ठेवलं जातं. ठेवा!

२६ एप्रिल

बदलीचा हुकूम. सिरोंचा. तिकडं तेलुगू बोलतात, म्हणजे माझे कान निकामी व्हावेत ही व्यवस्था. शिकेन तेलुगू.

पंधरा मेपर्यंत इथंच. तोवर खबरा लिहायच्या. लिहीन— जे पाहीन तेच. त्यात बदल नाही.

२ मे

बाजारात लालसू भेटला. एकटाच. लंगडत होता. मला बाजूला, सायकलवाल्याच्या मांडवामागे नेलं.

"बुधरी गेली," मोडक्या मराठीत म्हणाला.

"कुठे?"

त्यानं सूरजागडच्या डोंगराकडे हनुवटी उचलली. मला समजायला वेळ लागला— जंगलवाल्यांत. विचारलं, तुझ्या माराचा राग धरून?

"हिले, बाबू. दोन साल झाले, ते जात-येत होती. आता कायमची गेली." आणि मग, खाली बघत, "तू माह्यासाठी खरा बोलला, तुले खोटा कसा सांगू? त्या दिवशी नाल्यावर तेच होती."

सारं गाव पालथं घालून विचारलं, लालसू कुठे होता. बुधरी कुठे होती, हे एकालाही विचारलं नाही. आणि ती बसली होती आमच्याच फाटकासमोर, ज्यांच्यावर बंदूक चालवली त्यांच्याच डोळ्यांपुढं, नवऱ्यासाठी! बिरजू अजून काठीवर चालतोय. तोही आठवला. दोघंही आठवत राहिले.

संध्याकाळी साहेबांनी बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. "लालसू काय बोलत होता रे?"

"तेंदूपत्त्याचं."

खबर लिहिली— बाजारात विशेष काही नाही. खाली सही केली.